उलट्या पाण्याची तक्रार

आप्पा, आपला गेम परत आलाय. परवा आला, जगभर एकाच दिवशी, आणि तेव्हापासून मी हे कुणाला तरी नीट सांगायचं म्हणून घरभर फिरतेय. आईला सांगून झालं. ती "बरं झालं बाई" म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. ऐकल्याबरोबर दोन्ही तळहात गुडघ्यांवर मारून "खरं सांगायलीस का माय?" असं विचारणारं माणूस ह्या घरात एकच होतं, आणि तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं झाली. म्हणून लिहायला बसले.

परत आला म्हणजे काय, ते आधी सांगते. जुने गेम नव्या मशीनवर चालत नाहीत. मग त्यांचा सांगाडा तसाच ठेवतात आणि वरचं सगळं नव्यानं करतात, भिंतींचे दगड, उजेड, माणसांचे चेहरे, पावलांचे आवाज. गोष्ट तीच, रस्ते तेच, उड्या त्याच. पाण्याच्या जुन्या लाइनीचा मार्ग न बदलता तुम्ही नुसत्या नळ्या बदलायचात ना, तसंच हे. त्याला रीमास्टर म्हणतात. आणि ह्या वेळी त्या मालिकेतले तिन्ही भाग एकत्र आलेत. पहिला तुमच्या डोळ्यांसमोर असेलच. समुद्राकाठचं ते दगडी शहर, चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं, बाहेर शत्रूच्या फौजेचा वेढा, आणि आत आपला निरोप्या, कौलांवरून पळणारा, मनोऱ्यांवर चढणारा, कमरेला मोहोरबंद पत्राची नळी बांधलेला. दुसऱ्या भागात तोच निरोप्या डोंगरी किल्ल्यात जातो. तिसरा आपण पाहिलाच नाही, आपल्या कॉम्प्युटरला तो झेपत नव्हता. आता त्या कौलांवर शेवाळ दिसतं, आप्पा. घंटा वाजली की कबुतरं एकेक करून उडतात. पूर्वी सगळी मिळून एक करडा ठिपका होती. निरोप्या फार वेळ पळाला की त्याच्या चपलेचा बंद सुटतो आणि तो खाली वाकून बांधतो. मी परवा हे आपल्या घरात बघून ओरडलेच, तर आई गॅस बंद करून बाहेर आली.

तो कॉम्प्युटर तुम्ही आणलात तेव्हा मी नववीत होते. गारखेड्यातला एक सायबर कॅफे बंद पडत होता, तिथून तुम्ही तो माझ्या अभ्यासासाठी आणला. मॉनिटर गोधडीत गुंडाळून मोपेडवर पुढं पायाशी ठेवलेला, आणि मागं मी, मांडीवर कॉम्प्युटरचा तो मोठा डबा घेऊन बसलेली. पुंडलिकनगरपर्यंत तुम्ही एवढ्या हळू आलात की सायकलवाले पुढं जात होते. घरी येऊन चालू केला, तर त्यात आधीच्या कुणीतरी दोन गेम तसेच ठेवलेले. तुम्ही विचारलंत, "हे काय हाय?" मी म्हणाले, "इतिहासाचं आहे, आप्पा." ते काही अगदीच खोटं नव्हतं.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. तिकडं पैठणला नाथसागराचा तळ उघडा पडलेला, आणि इकडं शहरात नळाला कधी आठव्या दिवशी पाणी, कधी त्याहून उशिरा. आपल्याकडं आंघोळ मोठ्या परातीत बसून करायची, म्हणजे तेच पाणी पुन्हा वापरता येईल. कूलरमध्ये पाणी भरायचं नाही, हा तुमचा हुकूम. त्यामुळं तो नुसती गरम हवा फेकायचा, आणि त्या हवेत मी गेम खेळायची. पाणी सोडणारा माणूसच आमच्या घरात आहे ह्याचा आम्हाला कवडीचा उपयोग नव्हता. आई एकदा म्हणाली होती, "आपल्या गल्लीला पाच मिनिटं जास्त सोडलं तर काय बिघडतंय?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "आपली गल्ली लाइनीच्या शेवटाला हाय. सगळ्यांचं झाल्यावर जे उरंल ते आपलं." त्यावर आई दोन दिवस तुमच्याशी फक्त जेवणापुरतं बोलली.

तुमचं काम मला तेव्हा नीट माहीतही नव्हतं. पहाटे उठायचं, दारामागची ती पुरुषभर उंचीची लोखंडी चावी मोपेडला बांधायची, आणि ठरलेल्या चौकांत जमिनीतले व्हॉल्व्ह एकामागून एक उघडायचे आणि बंद करायचे. एरवी लोक तुम्हाला नमस्कार करायचे, दिवाळीला फराळ द्यायचे. त्या साली तेच लोक व्हॉल्व्हभोवती कडं करून उभे राहायला लागले.

एका दुपारी तुम्ही घरी आलात तेव्हा मी खेळत होते. गेममधल्या त्या मोठ्या चौकात कारंजं होतं आणि त्याच्याखाली पाण्यानं भरलेला हौद. मी निरोप्याला घंटेच्या मनोऱ्यावर चढवायची आणि तिथून हौदात उडी मारायला लावायची. परत वर, परत उडी. त्यातून काही मिळत नव्हतं, मला नुसता तो आवाज आवडायचा. तुम्ही दारात उभे राहून बघत होतात हे मला माहीतच नाही.

"किती वेळ झालं उड्या मारायलीस?"

"गेम आहे, आप्पा."

"पान्यात असला खेळ करायचा नसतो," तुम्ही म्हणालात, आणि भिंतीतली पिन उपटून काढलीत.

माझा सकाळपासूनचा खेळ साठवलेला नव्हता, तो सगळा गेला. मी तुमच्याकडं बघून म्हणाले, "तुम्हाला काही कळत नाही." इतकं बोलले मी. तुम्ही हातपाय धुवायला गेलात, आणि तिथं तांब्या पालथा घातलेला बघून तसेच परत आलात. मला आईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या दिवशी कुठल्याशा कॉलनीत पाणी अर्धवट आलं म्हणून एका बाईनं रिकामी कळशी तुम्हाला फेकून मारली होती. खांद्याला लागली. तुम्ही ती कळशी उचलून तिच्या ओट्यावर ठेवलीत आणि पुढच्या व्हॉल्व्हला गेलात. हे ऐकल्यावरही मी तुमच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्हीच आलात. जेवण झालेलं, आई ओट्यावर शेजारणीशी बोलत बसलेली. तुम्ही पलंगाच्या कडेला बसलात आणि बंद मॉनिटरकडं बघत म्हणालात, "त्या हौदाला पानी येतं कुठून?"

"गेम आहे, आप्पा. कुठून पण येतं."

"कुठून पण येत नसतं पानी, माय. चालू कर बरं."

त्यानंतरचे दोन महिने मी आयुष्यात कधी विसरणार नाही. गोष्ट बाजूला राहिली. वेढा, शत्रू, सरदाराचं कारस्थान सगळं आपण सोडून दिलं आणि त्या हौदाचं पाणी शोधायला निघालो. तुम्ही सांगायचात, मी निरोप्याला पळवायची. हौदाच्या मागं भिंतीत एक तोंड होतं, तिथून दगडी पाट, पाटावरून एका हमामाचं छत, छतावरून गल्ली ओलांडून उंच खांब, आणि त्या खांबांच्या कमानींवरून पाणी शहराबाहेरच्या टेकड्यांकडं जाताना दिसत होतं. म्हणजे टेकड्यांकडून येत होतं. खरंच येत होतं, आप्पा! कुणीतरी ते सगळं मनापासून काढून ठेवलं होतं. मी त्या गेममध्ये कितीतरी आठवडे घालवले होते आणि मला फक्त कौलं दिसली होती. तुम्हाला मॉनिटरवरची इंग्रजी अक्षरं लागत नव्हती, पण उतार लागत होता. "इथून खाली जा. आता डाव्या अंगाला असंल बग. हां, हाय ना?" आणि ते असायचंच. तुम्ही लहानपणी पैठणच्या पलीकडून थेट ह्या शहराच्या वेशीपर्यंत मेंढरांमागं फिरायचात, उन्हाळ्यात ओढ्यात कुठं खणलं तर पाझर लागंल हे मेंढराच्या चालीवरून कळतं म्हणायचात. मला ते तेव्हा थापेसारखं वाटायचं.

मग तो टप्पा आला जिथं मी त्याआधी चार दिवस अडकून सोडून दिलं होतं. खालच्या पेठेत पाणी पोहोचवायचं. तीन दारं उघडायची, पण कशीही उघडली तरी मधला पाट फुटायचा, पहारेकरी धावत यायचे आणि खेळ संपायचा. तुम्ही तीन वेळा मला हरताना शांतपणे बघितलंत.

"तू लई भसकन उघडायलीस," तुम्ही म्हणालात. "खालचं दार आधी उघडून ठेव. मग वरचं, अर्धंच. आणि मधी हवा आडलीय."

"गेममध्ये हवा कुठं असते?"

"मग त्या खांबावर झाकण कशाला ठेवलंय बनवणारानं?"

मला ती झाकणं नक्षी वाटत होती. मी निरोप्याला खांबावर चढवलं, झाकणापाशी नेलं, बटण दाबलं. झाकण सरकलं आणि फुस्स करून आवाज आला. तुम्ही पलंगावरून उठून उभे राहिलात. मी वरचं दार अर्धं उघडलं. पाणी पाटातून निघालं, पाट फुटला नाही, पाणी कमानीखालून, गल्लीतून, पायऱ्यांच्या कडेनं खाली खाली गेलं आणि खालच्या पेठेतल्या दगडी कुंडात पडलं. बंद दारं उघडली. बायका, म्हातारे, पोरं मडकी घेऊन बाहेर आले आणि कुंडाभोवती गोळा झाले. तुम्ही मॉनिटरच्या अगदी जवळ जाऊन बघत होतात, चेहऱ्यावर तो निळा उजेड. मग म्हणालात, "हे लोक बरे हायेत." आणि हसलात. त्या उन्हाळ्यात मी तुम्हाला पहिल्यांदा हसताना बघितलं. आई आत आली, आपल्याकडं बघून म्हणाली, "दोघं बी येडे झालेत," आणि तिनं आपल्याला गुळाचा चहा करून दिला, त्या दिवशी पाण्याचा हिशेब न बघता.

दुसरा भाग सुरू केला तो पावसाची वाट बघत. डोंगरी किल्ला, त्याच्यावर पाणी आणणारी एक उघडी नहर, डोंगराच्या कुशीतून वळणं घेत आलेली. मी निरोप्याला तिच्या काठानं भराभर पळवत होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांब. मागं जा." मी मागं गेले. "आता नुसतं पान्याकडं बग." मी बघितलं. मला पाणी दिसलं. "कुठं चाललंय?" मग दिसलं. नहरीतलं पाणी किल्ल्याकडून डोंगराकडं चाललं होतं. चढाला. तुम्हाला ते कुणी भर रस्त्यात वेडंवाकडं वागावं इतकं खुपलं. "उलटं हाय हे. बनवणाराला कळव."

"आप्पा, ते लोक परदेशात आहेत."

"मग? तक्रार वही नाय का त्यांच्यात?"

तुम्ही मला वही आणायला लावलीत आणि सांगायला सुरुवात केलीत, जशा तक्रारी लोक तुमच्या ऑफिसात लिहून देतात अगदी तशा भाषेत. वरील ठिकाणी नहरीतील पाण्याचा प्रवाह चढाच्या दिशेने आहे, तरी पाहणी करून त्वरित दुरुस्ती व्हावी ही विनंती. खाली तुम्ही सहीसुद्धा केलीत. मी त्याचं इंग्रजी केलं, शाळेतल्या बाईंकडून तपासून घेतलं, आणि इंटरनेटच्या दुकानात जाऊन, गेमच्या शेवटी दिसतो त्या पत्त्यावर पाठवून दिलं. दर आठवड्याला तुम्ही विचारायचात, "आलं का उत्तर?" मी म्हणायची, नाही. "येतं. पाहणीला वेळ लागतो." दिवाळीनंतर तुम्ही विचारायचं थांबवलंत.

त्याच पावसाळ्यात, म्हणजे पाऊस नसलेल्या त्या पावसाळ्यात, तुम्ही एका रविवारी सकाळी मला मोपेडवर बसवून शहराच्या उत्तरेला नेलंत. कुठं ते सांगितलं नाहीत. पाणचक्कीच्या बरंच पुढं, हर्सूलच्या अंगाला, झुडपांत एक दगडी चौथरा होता आणि त्याच्यावर फरशीचं झाकण. तुम्ही गुडघे टेकून फरशीच्या फटीला कान लावलात आणि मला खूण केलीत. मीही वाकले. आधी फक्त माझाच श्वास ऐकू आला. मग खूप खालून, बारीक, न थांबणारा आवाज. पाणी चाललं होतं. वर सगळं करपलेलं, टँकरच्या रांगा लागलेल्या, आणि खाली अंधारात पाणी आपल्या वाटेनं चाललं होतं.

"चारशे वर्सं झाली म्हणतात ह्या नहरीला," तुम्ही म्हणालात. "मोटर नाय, लाइट नाय. नुसता उतार. ज्यानं केलं त्याला पानी कळत होतं." मग गुडघे झटकत उठताना, "तुझ्या गेमवाल्याला बी कळतंय. ती एक जागा सोडून."

परत येताना तुम्ही मला रस्त्यातले जुने खांब दाखवत आलात, आणि मला ते सगळे गेममधल्यासारखे दिसत होते. झाकण असलेला प्रत्येक खांब चढून बघावासा वाटत होता. मी तुम्हाला मागून विचारलं, हे गेम कोण बनवतं, शिकून बनवता येतं का. तुम्ही म्हणालात, "मला काय ठावं? पन मानसंच बनवत असतील की." माझ्यासाठी ते पुरेसं झालं.

पुढं आणखी एक दुष्काळ आला, त्याच्या शेवटी, मी बारावीत असताना, तुम्ही गेलात. सकाळची पाळी करून आलात, छातीत दुखतंय म्हणालात, आणि दिवस मावळायच्या आत सगळं झालं. त्यावर मी इथं जास्त लिहिणार नाही. आज मला आनंदाचं लिहायचंय, आणि तुम्हालाही रडगाणं आवडायचं नाही.

आता ऐका. मी पुण्यात एका कंपनीत काम करते आणि माझं काम आहे गेममधल्या चुका शोधणं. खरंच, हेच काम. दिवसभर खेळायचं, भिंतीत पाय अडकतो का, दार उघडतं का, पडल्यावर माणूस जमिनीच्या आरपार जातो का, ते बघायचं आणि लिहून द्यायचं. आई शेजारणींना सांगते, "ती तक्रारी लिहिती." गेल्या वर्षी आमच्या टीमला एक काम आलं. जुनी ऐतिहासिक मालिका आहे, तीन भाग एकत्र करायचेत, नाव बाहेर सांगायचं नाही. मशीन चालू झालं आणि पहिल्याच दृश्यात ती घंटा वाजली. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. शेजारचा म्हणाला, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, पाय अवघडला." वर्षभर मी हे आईलासुद्धा सांगू शकले नाही.

पहिल्या दिवशी सगळे ठरलेल्या यादीप्रमाणं कामाला लागले आणि मी दुसरा भाग उघडून थेट डोंगरावर गेले. आप्पा, नवं पाणी एवढं सुंदर केलंय की काय सांगू. दगडाला आपटून फेस येतो, त्यात ढग दिसतात, निरोप्यानं हात घातला तर हाताला ओल राहते. आणि ते सगळं खरंखुरं पाणी, फेसासकट, ढगांसकट, डोंगर चढून चाललेलं. पूर्वी ते कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण आता मला ते बघवेना. मी तक्रार लिहिली. दोन दिवसांनी आमच्या टीमच्या प्रमुखांनी बोलावलं. माणूस चांगला, पण कामात काटेकोर.

"हे मूळ गेममध्ये असंच आहे," ते म्हणाले. "आपल्याला बदलायची परवानगी नाही. जुन्या खेळाडूंना जसंच्या तसं लागतं. एक कौल इकडचं तिकडं झालं तरी लोक रागावतात."

"पाणी चढाला चाललंय, सर."

"इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली का?"

"केली होती."

"कुणी?"

"माझ्या वडिलांनी."

त्यांना मी चेष्टा करतेय असं वाटलं. मग मी माझ्या शाळेच्या वेळच्या ईमेलमध्ये शोधून शोधून ते पत्र काढलं. होतं, आप्पा, तिथंच होतं, माझ्या त्या मोडक्या इंग्रजीत, खाली तुमचं पूर्ण नाव आणि हुद्दा. ते त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "जोड हे तक्रारीला. मूळ लोकांकडं पाठवू. पण ते नाही म्हणाले तर विषय संपला." मी म्हणाले, चालेल. चालणार नव्हतं, पण म्हणाले.

अकरा दिवस मी रोज सकाळी आधी तेच बघायची. बाराव्या दिवशी उत्तर आलं, आणि ते तो डोंगर जिनं काढला होता त्याच बाईचं. तिनं लिहिलं होतं की काम संपत आलं असताना, किल्ल्याच्या दरवाजावर मावळतीचं ऊन पडावं म्हणून त्यांनी अख्खा डोंगर डावा-उजवा उलटवला होता. सगळं फिरलं, फक्त पाण्याची दिशा फिरवायची राहिली. तिच्या ते गेम बाहेर पडल्यावर लक्षात आलं, तेव्हा उशीर झाला होता. तुमचं पत्र त्यांना मिळालंच नव्हतं, त्या पत्त्यावरची पत्रं तोपर्यंत कुणी उघडून बघेनासं झालं होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ही चूक फक्त तिला एकटीला माहीत आहे. शेवटी तिनं विचारलं होतं, हे गृहस्थ गेमच्या धंद्यात आहेत का? मी उत्तर लिहिलं, नाही, ते आमच्या शहरात नळाला पाणी सोडायचे. त्यावर तिची एकच ओळ आली, मग बरोबर आहे, दुरुस्त करते.

पुढच्या आठवड्यात नवी प्रत आली. मी निरोप्याला नहरीच्या काठावर उभं केलं आणि हात बटणांवरून काढून घेतले. पाणी डोंगरातून येत होतं आणि किल्ल्यात जात होतं. तिनं आपल्या मनानं त्यात एक वाळकं पान सोडलं होतं, ते वळणावर अडायचं, फिरायचं आणि पुढं जायचं. मी ते पान किल्ल्याच्या दारापर्यंत बघितलं, मग तक्रारीपुढं 'पाहणी केली, दुरुस्त झाले' असं लिहून ती बंद केली. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना जिलेबी दिली. कशाची ते कुणालाच कळलं नाही. प्रमुखांना कळलं असावं, त्यांनी दोनदा घेतली.

आता मी घरी आलेय, पुंडलिकनगरला. येताना रिक्षावाला तीनदा रस्ता बदलत आला, कारण सगळीकडं नव्या मोठ्या नळ्या टाकायला खोदलंय. एकेक नळी एवढी, की आत माणूस वाकून चालत जाईल. गारखेड्याच्या पुढं, जिथं बोट दाखवून तुम्ही म्हणायचात की हितं मी मेंढरं चारलीत, तिथं बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत, आणि त्यांच्या गच्चीवर रांगेनं काळ्या टाक्या. तुम्ही असता तर प्रत्येक चौकात रिक्षा थांबवून खड्ड्यात डोकावला असतात आणि आपल्याला घरी पोहोचायला संध्याकाळ झाली असती.

काल मी तिसरा भाग लावला. ऑफिसात तो दुसऱ्या गटाकडं होता, मी मुद्दाम बघितला नव्हता. वाळवंटातलं शहर आहे, मातीच्या भिंती, कापडाच्या सावल्यांखालचा बाजार, उंटांच्या रांगा. मी अर्धा तास पळत होते, तेवढ्यात आई पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "दे बरं इकडं." मी दचकलेच. तिच्या हातात कंट्रोलर दिला, कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. निरोप्या कड्यावर उभा होता, खाली गवताची गंजी, उडी मारायची होती. आईनं त्याला मागं फिरवलं.

"उडी मार ना, आई. गवतात पडतो, काही होत नाही."

"जिना हाय की बाजूला," ती म्हणाली, आणि त्याला एकेक पायरी करून खाली उतरवलं. मग बाजारातून निवांत चालत नेलं, प्रत्येक दुकानासमोर थांबत. एका पहारेकऱ्यानं अडवलं तर त्याला वळसा घालून गेली. तिनं त्या निरोप्याला दुपारभरात एकदाही पळू दिलं नाही, आणि तरी आम्ही अशा एका अंगणात पोहोचलो, जे मला छतांवरून कधीच दिसलं नसतं. तिथं डाळिंबाचं झाड होतं आणि एक म्हातारा सतार नव्हे पण तसलंच काहीतरी वाजवत बसला होता. "बसू दे ह्याला हितं जरा," आई म्हणाली. आम्ही बसू दिलं. आज सकाळी उठल्याबरोबर तिनं मला विचारलं, "ते चालू करायलीस का?" मला एवढी गंमत वाटतेय ह्या सगळ्याची, आप्पा, की पुढं काय निघेल ते बघितल्याशिवाय मी पुण्याला जाणार नाही.

हे पत्र वहीतच राहील. पण एक कबूल करते. मी चार दिवसांच्या सुट्टीवर आलेय. प्रमुखांच्या जागी आमच्या नव्या मॅनेजर बाई महिन्यापूर्वीच आल्यात, त्यांना माझ्या घरचं काही माहीत नाही. गेमच्या कंपनीत काम करत असले तरी गेम खेळायला सुट्टी हवी असं काही सांगता येत नाही, म्हणून मी कळवलं की वडिलांना बरं नाही. हातानं ते लिहून झालं आणि मग काय लिहिलं ते माझ्या लक्षात आलं. खोडता आलं असतं, मी तसंच पाठवलं. मघाशी त्यांचा मेसेज आला, वडील कसे आहेत आता? मी लिहिलं, बरे आहेत, सकाळी उठून चहा घेतला.